मानेची खिडकी, पाठीची खिडकी

माझी मान डावीकडे वळत नाही. एवढं एकच वाक्य सरकारला पटवून द्यायचं होतं. वळवून दाखवायचं असतं तर गोष्ट वेगळी. न वळवून दाखवायला असं काय लागतं, असं मला वाटलं होतं.

डावीकडून कुणी हाक मारली की मला अख्खं अंग वळवावं लागतं, तोफ वळवतात तसं. त्यामुळे आमच्या जिन्यावर माझ्याबद्दल दोन मतं आहेत. उजवीकडच्या घरातले म्हणतात, माणूस देवमाणूस, दिसलो की हसतो. डावीकडचे म्हणतात, फौज सुटली पण घमेंड सुटली नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी मानेशी जुळवून घेतलं असतं. पण तिने हाताला फितवलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर झालं, मग पकड गेली. कप हातात आहे असं मी समजायचो आणि तो जमिनीवर असायचा. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "मणक्यांमधली गादी सरकलीय. नस दाबली जातेय. ऑपरेशन करून घ्या. उशीर केलात तर हात परत येणार नाही."

"परत येणार नाही म्हणजे जाणार कुठे?" मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. ही पण हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे, कारण माझ्या पांचट विनोदांना ही निदान नाक मुरडते.

ऑपरेशन माजी सैनिकांच्या इस्पितळात होणार होतं, पण एका अटीवर. मान नोकरीत बिघडली, हे कार्यालयाने मान्य करायला हवं. नोकरीत बिघडली असेल तर हात वाचेल. घरी येऊन बिघडली असेल तर मी आणि माझी उशी आपसात काय ते बघून घेऊ.

आता नोकरीबद्दल. मी फौजेत होतो असं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. पाण्याचा टँकर चालवत होतो असं म्हटलं की खुर्ची मागे जाते. गोळी नाही, स्फोट नाही. डोंगरातला कच्चा रस्ता, डोक्यावर लोखंडी टोप आणि त्याच्यावर गाडीचं टप. खड्डा आला की मी वर, टप आदळलं की मी खाली. शिवाय अर्ध्या भरलेल्या टँकरची एक खोड असते: ब्रेक मारला की गाडी थांबते, पण आतलं पाणी थांबत नाही. ते मागून येऊन ढोसतं, आणि मान एकदा पुढे, एकदा मागे. असं रोज, वर्षानुवर्षं. पाणी मात्र मी वेळेवर पोचवलं. तहानेने कुणी मेलं नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

*

अर्जात एक चौकट होती: घटना कशी घडली ते थोडक्यात लिहा.

थोडक्यात म्हटल्यामुळे घरी सगळे जमले.

*मेहुण्याचा मसुदा.* (हिचा धाकटा भाऊ. वाहनविमा कंपनीतून निवृत्त. "भावोजी, क्लेम म्हणजे आपल्या घरचं काम," असं म्हणून त्याने माझी मान चारी बाजूंनी मोबाईलवर टिपली, मागून जरा दाबून पाहिली आणि विचारलं, "पूर्वी कुठे ठोकलेली आहे का?")
"सदर मान सुस्थितीत असताना, आपल्या बाजूने, मर्यादित वेगाने जात असता..."

*वकीलकाकांचा मसुदा.* (खालच्या मजल्यावर राहतात. वकील नाहीत. कोर्टात टायपिस्ट होते, पण इतकी वर्षं टाईप केलं की काही तरी अंगात मुरणारच.)
"सबब अर्जदाराची मान, जी अर्जदाराच्या कब्जेवहिवाटीत असून तिच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: उत्तरेस डोके, दक्षिणेस पाठ, पूर्वेस व पश्चिमेस प्रत्येकी एक खांदा..."

*हिचा मसुदा.*
"ह्यांची मान डावीकडे वळत नाही. मी डावीकडे झोपते."

हे शंभर टक्के खरं असलं तरी सरकारला कळवायचं नाही, असं बहुमताने ठरलं.

*माझा मसुदा.*
"रोज खड्डे होते."

"घटनेची तारीख?" मेहुणा म्हणाला.

"रोज."

"असं नसतं भावोजी. एक खड्डा धरा. चांगलासा."

मी डोळे मिटून सगळे खड्डे आठवून पाहिले. एकाची निवड करणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय होता. शेवटी एका वळणावरचा, पुलाच्या अलीकडचा धरला. तो खरंच गुणी खड्डा होता.

*

कार्यालयात दोन खिडक्या होत्या. एकीवर लिहिलं होतं "मान". दुसरीवर "पाठ". मधल्या भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र. तो सापळा एकटाच तिथे निवांत दिसत होता.

मानेच्या खिडकीत चष्म्याला दोरी लावलेल्या बाई होत्या. "नेमकं कुठे दुखतं?"

मी मागे हात नेऊन बोट ठेवलं.

"ही पाठ झाली. शेजारी जा."

पाठीच्या खिडकीत स्वेटर घातलेले गृहस्थ होते. त्यांनी माझं बोट पाहिलं आणि दुखावल्यासारखे म्हणाले, "ही मान आहे. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मानेने."

"त्यांचं हे नेहमीचंच आहे."

मी परत मानेकडे. बाई म्हणाल्या, "मानेचे मणके सात. सातव्याखाली आमचा संबंध संपतो."

"माझं सातव्या आणि त्याच्या खालच्याच्या मधोमध आहे."

"मधोमध असं काही नसतं."

"बाई, दुखतं तिथेच."

"दुखत असेल. पण नसतं."

मी पाठीकडे गेलो. पाठीने मानेकडे पाठवलं. दर वेळी मला सगळं अंग वळवावं लागत होतं, त्यामुळे रांगेतल्या लोकांना वाटलं मी कसली तरी कवायत करतोय. एकाने जागा करून दिली. अखेरीस बरोबर आलेल्या मेहुण्याने आवाज चढवला आणि दोघंही आपापल्या खिडकीआडून बाहेर आले. दोघांना अख्खं बघायची माझी पहिलीच वेळ. बहुधा त्यांचीही एकमेकांना. बाईंनी माझ्या मानेवर वरून खाली मणके मोजत आणले. गृहस्थांनी खालून वर आणले. दोघांची बोटं मध्ये भेटली आणि तिथे मी ओरडलो.

"बघा, तुमच्यात ओरडला," बाई म्हणाल्या.

"तुमचं बोट जास्त दाबलेलं होतं," गृहस्थ म्हणाले.

तिढा हाताने सोडवला. बधिर बोटं पाहून गृहस्थ विजयी स्वरात म्हणाले, "हाताची नस मानेतून निघते. माल तुमचा." बाईंनी अर्ज घेतला, पण चेहरा असा की शेजाऱ्याचं पोर पदरात पडलं. मग म्हणाल्या, "साक्षीदार लागेल. त्या काळी तुमच्याबरोबर नोकरीला असलेला."

*

माझ्याबरोबर गाडीवर एकच माणूस असायचा. त्याला सगळे रेडिएटर म्हणत, कारण चढ लागला की तो गाडीच्या आधी तापायचा. आता शेजारच्या गावात त्याचं टायरचं दुकान आहे. मी आणि मेहुणा एसटीने गेलो.

रेडिएटर दुकानाबाहेरच्या बाकावर बसला होता. मी त्याच्या उजव्या हाताला बसलो. थोडा वेळ कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. मला वाटलं, इतकी वर्षं भेटलो नाही म्हणून हा रागावलाय. त्यालाही तसंच वाटलं असणार. मग उलगडा झाला. मला डावीकडे बघता येत नाही आणि त्याला उजवीकडे. गाडीत दुसरा ज्याच्या ज्या बाजूला बसायचा, त्याची ती बाजू गेली होती. पुढचं सगळं भांडण आम्ही दोघांनी समोरच्या टायरच्या ढिगाकडे बघत केलं.

"मान? तुझी?" रेडिएटर टायरला म्हणाला. "अरे, गाडी मी चालवायचो. तू झोपायचास."

"मी झोपायचो?"

"घोरायचास. त्या पुलाच्या वळणावर तर हमखास."

"पुलाच्या अलीकडे खड्डा होता. तो कोण चुकवायचं?"

"कुणीच नाही. म्हणून तर मान गेली."

"तुझीही गेलीय. तू का अर्ज करत नाहीस?"

"मला काय झालंय? मी ठीक आहे," असं म्हणून तो उठला, आणि मेहुण्याला चहा देण्यासाठी कपाटासारखा अख्खा फिरला.

साक्ष मात्र त्याने लिहून दिली. मेहुण्याने परतीच्या बसमध्ये ती मला वाचून दाखवली. "हा इसम बहुतेक वेळ झोपलेला असे. परंतु झोपेतदेखील त्याचं डोकं टपावर आदळत असे. आवाज मी स्वतः ऐकला आहे. रिकाम्या टँकरसारखा येई."

ही साक्ष माझ्या बाजूची की विरुद्ध, हे वकीलकाकांनाही सांगता आलं नाही. ते म्हणाले, "उभयपक्षी आहे."

*

तपासणीची तारीख लागली आणि घरात नवीनच पंचाईत झाली. मी बरा व्हायला लागलो.

वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी भिंतीला टेकून करायचे काही प्रकार दाखवले होते, ते मी हिच्या धाकाने करत होतो. मेहुणा रोज संध्याकाळी स्टुलावर उभा राहून शाळेतल्या कोनमापकाने माझी मान मोजायचा. एके दिवशी तो स्टुलावरून गंभीर चेहऱ्याने खाली उतरला.

"भावोजी, कालच्यापेक्षा जास्त वळली. काय केलंत?"

"काही नाही रे. दाराची बेल वाजली."

"तपासणीपर्यंत बरं व्हायचं नाही."

"का नाही व्हायचं?" ही आतून म्हणाली. "बरं होऊ दे की त्यांना."

"ताई, मान सुटेल आणि हात जाईल. नस तिथेच आहे."

दोघांचंही बरोबर होतं. माझी अवस्था अशी झाली की जरा आराम पडला की चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि कळ आली की हिला तोंड दाखवायची लाज. मी दोघांनाही एकच उत्तर देऊ लागलो: ठीक आहे.

मेहुण्याने तालीमही घेतली. "दुखतं का, असं विचारतील. म्हणा."

"हो."

"बँकेत सही जुळते का विचारल्यावर म्हणतो तसं म्हणू नका. दुखल्यासारखं म्हणा."

"हो..."

"आता बरं जमलं."

घरी मला ते उत्तम जमत होतं.

*

खोलीत लांब टेबलामागे तिघे होते. कडेला टाईप करायला एक बाई. मधल्या डॉक्टरांच्या खांद्यावर कर्नलच्या खुणा होत्या. त्या दिसल्या आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

"काय त्रास आहे?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर."

हे मी बोललो नाही. माझं तोंड बोललं. इतकी वर्षं खांद्यावर खुणा असलेला माणूस काही विचारी आणि आम्ही एकच उत्तर देऊ. ताप असला तरी. घरून तार आली असली तरी. ते उत्तर तोंडात असं बसलं होतं की विचार करायला डोक्यापर्यंत जावंच लागत नसे.

बाईंनी टाईप केलं. काही नाही.

"मान डावीकडे वळवा."

आणि काय सांगू, हुकूम म्हणताच मान वळली. व्यायामवाल्या बाईंना, हिला, कोनमापकाला जी कधी एवढी वळली नव्हती ती. डावीकडे खिडकी होती, हे मला तेव्हा समजलं. खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरी. मग मानेपासून कोपरापर्यंत अशी ठिणगी गेली की चादरी पांढऱ्याच्या काळ्या झाल्या.

"दुखतंय?"

"नाही, सर."

टक टक टक. माझा हात तिथे टाईप होऊन चालला होता आणि मी छाती पुढे काढून उभा होतो. मनात म्हणत होतो, अरे बोल, गाढवा, बोल. तोंड मनाच्या हाताखाली नव्हतंच. ते कर्नलसाहेबांच्या हाताखाली होतं.

त्यांनी शर्ट काढायला लावला, मणके दाबले, हातोडीने कोपरं ठोकली. "ठीक. शर्ट घाला."

शर्ट घातला. वरचं बटण काजात जाईना. खालचं धरलं, ते निसटलं. तिघेही थांबले होते. टाईप थांबलं. घरी ही लावून देते. तिथे ही नव्हती. मी शर्ट उघडा ठेवून सावधान उभा राहिलो. दुसरा इलाज नव्हता.

कर्नलसाहेब टेबलाला वळसा घालून आले आणि काही न बोलता माझी बटणं लावू लागले. खालून वर. गळ्याशी आल्यावर म्हणाले, "कशावर होतात?"

"पाण्याचा टँकर, सर. ड्रायव्हर."

त्यांनी शेवटचं बटण लावलं. मग मागे सरून, अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "ड्रायव्हर. गाडीचा रिपोर्ट."

हे सांगायला हवं. रोज संध्याकाळी गाडी लावली की ड्रायव्हर तिच्याशेजारी उभा राहतो आणि साहेबाला तिची दुखणी सांगतो. त्यात ठीक आहे म्हणायची मुभा नसते. स्वतःची कळ लपवली तर माणूस कणखर, गाडीची लपवली तर शिक्षा, कारण उद्या त्याच गाडीत दुसरा बसून दरीत जायचा. गाडीबद्दल मी कधी खोटं बोललेलो नाही.

"गाडी जुनी आहे, सर," मी म्हणालो. "स्टिअरिंग डावीकडे घेत नाही. जबरदस्तीने घेतलं की वरून ठिणगी निघते ती डाव्या चाकापर्यंत जाते. आत्ता घेतलं तेव्हा गेली. डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन तारांत करंट नाही, तिसरीत येतो-जातो. त्या बाजूने काही उचलत नाही. सकाळी स्टार्ट होत नाही, बायकोला ढकलावं लागतं. सपाट रस्त्यावरही आवाज येतो, पण ड्रायव्हर रेडिओ मोठा करतो म्हणून बाहेर ऐकू जात नाही."

"कधीपासून?"

"पुलाच्या वळणापासून, सर. तेव्हा वाटलं होतं, चालेल."

"रस्त्यावर न्यायच्या लायकीची आहे?"

इथे मी थांबलो. ड्रायव्हरला हे उत्तर देताना नेहमीच जड जातं.

"नाही, सर," मी म्हणालो. "वर्कशॉपला पाठवायला हवी."

टाईप करणाऱ्या बाईंनी विचारलं, "सर, करंट असंच लिहू की..."

"तो सांगतोय तसंच लिहा," कर्नलसाहेब म्हणाले. "आणि वरचं ते काही नाही, ते खोडा."

*

बाहेर बाकावर मेहुणा आणि ही बसले होते.

"काय झालं? मंजूर की नामंजूर?" मेहुणा म्हणाला.

"माहीत नाही. साहेबांनी माझी बटणं लावली."

"म्हणजे काय समजायचं?"

"ते नाही सांगितलं."

त्याने तिथूनच वकीलकाकांना फोन लावला. ते म्हणाले की बटण लावण्याला कायद्यात काही अर्थ नाही, पण ते विरोधातही धरता येत नाही.

आत बोललेलं हिला बाहेर ऐकू आलं होतं. दार पातळ होतं. बसमध्ये ती माझ्या उजवीकडे बसली, म्हणजे मला तिचा चेहरा बघावाच लागेल.

"ठिणगी जाते, हे मला सांगितलं नव्हतंत."

"तू विचारलं नव्हतंस."

"रोज विचारते."

रोज विचारते, हे खरं होतं. मी खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला, पण खिडकी डावीकडे होती.

*

मान मंजूर झाली. इस्पितळाची तारीख आली. मेहुणा म्हणतो, फोटोंमुळे. वकीलकाका म्हणतात, चतुःसीमांमुळे. रेडिएटरला मी कळवलं तर म्हणाला, माझ्या साक्षीमुळे, आणि फोन ठेवता ठेवता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की ती मानेची खिडकी आत शिरल्यावर कुठल्या हाताला लागते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मला खाटेवर निजवलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, म्हणजे आता उजवीकडेही बघायची सोय राहिली नाही. सिस्टर आल्या, नाडी पाहिली आणि विचारलं, "कसं वाटतंय, काका?"

"ठीक आहे."

"काही भीती वगैरे?"

"छे."

त्या लिहून पुढे गेल्या. ही पिशवीतून माझे कपडे काढून कपाटात लावत होती. तिने कपाट बंद केलं, खाटेच्या पायथ्याशी, मला बरोबर समोर दिसेल अशी उभी राहिली आणि पदर खोचला.

"ड्रायव्हर," ती म्हणाली. "गाडीचा रिपोर्ट."

मी छताकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"गाडी घाबरलीय," मी म्हणालो.

माझ्या डाव्या हाताची बोटं तिने हातात घेतली असावीत. ती बधिर बोटं असल्यामुळे मला खात्रीने सांगता येत नाही.

शेजारच्या खाटेवर नौदलातले एक गृहस्थ पाठीच्या ऑपरेशनसाठी आले होते. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते, कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते. ते तसेच भिंतीला म्हणाले,

"आमची बोटसुद्धा."